घेवड्याचा हिरवा

मंगळवारी सकाळी माझी बायको स्वयंपाकघरात घेवड्याचा पाला वाटत होती. वाटता वाटता ती खाली बसली. मी शेजाऱ्यांना हाक मारली. त्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि ती गेल्याचं सांगितलं. दुपारी मी कुलूप उघडून घरात आलो, तेव्हा पाला खलात होता.

नंतर माणसं जमली. ओटा आवरणाऱ्या शेजारणीने खल उचलून मला दाखवला. "दादा, हे काय आहे? टाकून देऊ?" मी आत पाहिलं. सकाळी तो पाला हिरवा होता हे मला पक्कं माहीत होतं, कारण गॅलरीतल्या वेलावरून तो मीच खुडून दिला होता. आता तो कुजलेल्या शेवाळासारखा दिसत होता, कडेला काळसर. "राहू द्या," मी म्हणालो. तिला वाटलं असेल, ह्यांना बायकोच्या हातचं काहीतरी जवळ ठेवायचं आहे. ते खरंच होतं. पण त्याच वेळी माझ्या मनात एक भीती शिरली, आणि ती त्याच दिवशी शिरावी ह्याचं मला अजून नवल वाटतं. मी मान वळवून हॉलच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या चित्रातला हिरवा ह्याच पाल्याचा होता.

माझी बायको चित्रं काढायची. तिला कुणी चित्रकार म्हटलं की ती पदराने तोंड पुसायची, जणू तोंडाला काही लागलंय. चित्रकलेचं शिक्षण तिला नव्हतं. मी कराडला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न झाल्यावर मी घरी जुनी कॅलेंडरं आणायचो, पुस्तकांना कव्हरं घालायला. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने सुरुवात केली. पुढे जाड कागद आले, कुंचले आले, खिडकीखाली एक तिरका पाट आला. तिने आयुष्यभर झाडंच काढली. अळूची पानं, ओढ्याकाठचे नेचे, डोंगरातली रानकेळ, सुपारीच्या बुंध्यावर चढलेली मिरवेल, दगडावरचं शेवाळ. आकाश नाही, माणूस नाही, पक्षीसुद्धा नाही. कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती गच्च झाडी. कराडला लागून असलेल्या मलकापुरात, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कुणी आलं की हॉलमधल्या मोठ्या चित्रासमोर क्षणभर थांबायचं. एक जण म्हणाला होता, "वहिनी, इथे पंखा लावायची गरज नाही तुम्हाला."

एवढी हिरवाई जिथून यावी असं तिचं गाव नव्हतं. आटपाडीच्या पलीकडे, मुरमाड माळावर तिचं माहेर. बाभळी, लिंब, कुसळं आणि वारा. घर मेंढरांचं. आमचंही मूळ मेंढरांचंच, पण माझ्या वडिलांनी लहानपणीच काठी सोडून गिरणीत नोकरी धरली आणि मी वसतिगृहात वाढलो, त्यामुळे कळपामागे मी कधी चाललो नाही. ती चालली होती. शाळेत घालेपर्यंत दर वर्षी दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि सगळा कळप पश्चिमेला निघायचा. विटा, कराड, पाटण करत घाट उतरून कोकणात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं. घाटाखाली एका ओढ्याकाठी त्यांचा मुक्काम सगळ्यांत लांब असायचा. माळावरून आलेल्या पोरीने तिथे पहिल्यांदा पानावर थांबलेलं पाणी पाहिलं. तिची सगळी चित्रं त्या एका ओढ्याकाठची आहेत. पुढे तिला कोकणात नेऊन ती जागा शोधू या, असं मी दोनतीनदा म्हटलं. ती म्हणायची, "नगं. तिथं आता हॉटेल आसंल."

पाल्याचा रंग मात्र तिला माळावरच्याच शाळेने दिला. त्या शाळेत फळा पांढुरका पडला की मुलं जुन्या सेलमधली काळी पूड आणि घेवड्याचा पाला फळ्यावर घासायची. त्या दिवशी सगळ्यांचे हात हिरवे. तो हात ती घरी जाऊन धूत नसे, हुंगायची. लग्नानंतर मी तिला दुकानातल्या रंगांच्या नळ्या आणून दिल्या, तेव्हा बाकीचे रंग तिला चालले, हिरवा चालला नाही. "ह्यो बादलीचा हिरवा हाय," ती म्हणाली. म्हणजे प्लास्टिकच्या बादलीचा. मग तिने गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यात घेवडा लावला, ग्रीलवर चढवला. पाला वाटायचा, मलमलीतून पिळायचा, बाभळीचा डिंक घालायचा, सावलीच्या भागाला किंचित काजळी. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा. शेंगांची भाजी आम्ही खायचो, पाला तिचा.

मी आयुष्यभर कागद राखले. कसर कशी लागते, शाई कशी फुटते, हे मला कळतं. सुरुवातीला एकदा मी तिला म्हणालो होतो, "हा रंग टिकायचा नाही." तिने वर न बघता विचारलं, "टिकवाय ते काय लोणचं हाय?"

तिची सहीसुद्धा अशीच. खालच्या उजव्या कोपऱ्यात कावेच्या दोन तिरप्या रेघा. कावेची, म्हणजे तांबड्या मातीची, ही तिच्या माहेरच्या मेंढरांची खूण. प्रत्येक घराची खूण वेगळी असते. ती मेंढराच्या पाठीवर काढतात, म्हणजे कळप एकमेकांत मिसळले तरी ज्याचं त्याला ओळखता येतं. चित्रावर ती कशाला, असं आमच्या मुलीने एकदा विचारलं होतं. "हरवलं तर घरी यावं म्हणून," ती म्हणाली.

दिवसकार्य उरकलं. माणसं आपापल्या गावी गेली, मुलगी पुण्याला नोकरीवर परतली. घरात मी आणि चित्रं उरलो. उन्हाळा होता. एका संध्याकाळी हॉलमध्ये बसलो असताना पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं आणि मोठ्या चित्रावर पडलं, आणि मला एक रेघ दिसली. नेच्याच्या मोठ्या पानावरून ती सरळ खाली गेली होती. रेघेच्या एका बाजूला पान हिरवं होतं, दुसऱ्या बाजूला जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं. मी उठून जवळ गेलो. ती तिने काढलेली रेघ नव्हती. खिडकीच्या चौकटीची सावली रोज तिथपर्यंत यायची. सावलीतला हिरवा राहिला होता आणि उन्हातला जात होता.

ती असताना मला हे कधी दिसलं नव्हतं. का दिसलं नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला एवढंच कळलं, की ती गेल्यापासून हे सुरू झालंय आणि हे थांबवायला घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

मी पडदे लावले. दुसऱ्या दिवशी चित्र कापडात गुंडाळून कराडला फ्रेमवाल्याकडे नेलं. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे, देवांच्या तसबिरी आणि पुढाऱ्यांच्या फोटोंनी भरलेलं.

"सर, काच घालून देतो. झकास दिसेल."

"काचेने रंग उडायचा थांबेल?"

"कुठला रंग आहे? पोस्टर?"

"पाल्याचा."

त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "कसल्या पाल्याचा?"

"घेवड्याच्या."

"मग भाजी करायची सोडून..." त्याने हसत सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून थांबला. कापडाची घडी नीट करून चित्र त्याने दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिलं. "नाही सर, काम लय भारी आहे. पण मी काच घालीन आणि तुम्ही सहा महिन्यांनी मला शिव्या द्याल. पाला आहे तो. जाणारच."

घरी येऊन मी सगळी चित्रं भिंतींवरून उतरवली. तिच्या सुती साड्या नरम झालेल्या होत्या, त्यांत एकेक चित्र गुंडाळलं. मध्ये लिंबाचा वाळलेला पाला घातला, कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या, आणि सगळी दिवाणाखाली सरकवून दिवाणाला जमिनीपर्यंत चादर लोंबवली. ग्रंथालयात दुर्मिळ पोथ्यांसाठी मी हेच करत असे. पोथ्यांच्या बाबतीत कपाट बंद झालं की मनही बंद व्हायचं. इथे झालं नाही. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मी वाकून एक गठडं बाहेर काढायचो, साडी उलगडायचो, पान पान तपासायचो. मग आठवायचं, की आत्ता पुन्हा उजेड लागला. घाईने गुंडाळायचो. बघितलं तर उजेड लागत होता, आणि बघितल्याशिवाय जीव राहत नव्हता.

मुलगी फोनवर दिसायची. "बाबा, तुम्ही दिवसा अंधारात का बसलाय?"

"ऊन लागतं."

"कुणाला?"

मी सांगितलं. ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "फोटो काढून ठेवा ना सगळ्यांचे. मी इथे छान प्रिंट करून घेते." मी काढले. फोनच्या पडद्यावर ते हिरवेगार दिसले, मूळ चित्राहून कितीतरी हिरवे. बादलीचा हिरवा. मी फोन पालथा घालून ठेवला.

त्या काळात मी जेवत होतो, झोपत होतो, पेन्शनच्या दिवशी बँकेत जात होतो. पण कुठेही असलो तरी दिवाणाखाली काहीतरी चाललंय असं वाटत राहायचं. दूध उतू जाईल म्हणून कान स्वयंपाकघराकडे असावेत, तसे माझे कान सतत घराकडे असायचे. भाजी घेताघेता मी अर्ध्यातून परतायचो. तिच्यासाठी रडू यायला हवं तिथे मला चित्रांची काळजी यायची. कधीकधी वाटायचं, ही काळजी म्हणजेच ते रडणं असेल. पण काळजीत रडण्यासारखं मोकळं होता येत नाही.

मग पावसाळ्यात नवीनच सुरू झालं. खिडक्या बंद, पडदे बंद, दिवाणाखाली हवा नाही. एका सकाळी साडी उलगडली तर आत ओलसर वास, आणि रानकेळीच्या पानांवर मिठासारखे बारीक पांढरे ठिपके. बुरशी. मी कोरडं फडकं घेऊन हलक्या हाताने पुसलं. ठिपके गेले, आणि फडक्यावर हिरवट डाग आला. मी हात मागे घेतला. फडकं किती वेळ हातात धरून उभा होतो कोण जाणे. ते फडकंसुद्धा मी घडी करून ठेवलं, धुवायला टाकवेना.

उजेडात ऊन खात होतं, अंधारात बुरशी खात होती. तेव्हा मला मेहुण्याची आठवण झाली.

तिचा धाकटा भाऊ अजून माळावरच राहतो. आता तिकडे कालव्याचं पाणी पोचलंय, त्याने डाळिंब लावलंय, कोकणात जाणं केव्हाच बंद झालंय. पण थोडी मेंढरं त्याने राखलीत, करमत नाही म्हणून. त्याच्या घरात घोंगड्या आणि लोकर ठेवायची एक खोली आहे. खिडकी नाही, भिंती जाड, आणि हवा अशी कोरडी की पापड वर्षभर कडक राहतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "आणा की. आक्काचं हाय ते. इचारायचं काय त्यात?"

गणपती उठल्यावर भाड्याची गाडी करून निघालो. मोठं चित्र मी मांडीवर धरलं होतं. कडेगाव मागे पडलं, विटा आलं. उघडीप होती, तरी ढग दिसला की मी ड्रायव्हरला काच वर करायला लावत होतो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, आत काय पापड हायत का?"

मेहुण्याच्या सोप्यात, दारातून सरळ ऊन पडतं अशा जागी, तिचं एक जुनं चित्र टांगलेलं आहे. लग्नानंतर लवकरच काढलेलं, अळूच्या पानांचं. खूप दिवसांनी मी ते नीट पाहिलं. ते हिरवंगार होतं. ऊन पडत असूनही हिरवंगार. मी मनाशी म्हटलं, कोरडी हवा. माझा निर्णय बरोबर होता. त्या दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली.

घोंगड्यांच्या खोलीत आम्ही दोघांनी गठडी रचली. मी त्याला बजावलं, "उजेड नको, पाणी नको, हात लावायचा नाही."

"मंग काय करायचं त्यांचं?"

"काही नाही. फक्त ठेवायची."

"आसं कसं आवं, दाजी? मेंढरूसुदिक नुस्तं ठिवता येत न्हाई." तो स्वतःच हसला. मी हसलो नाही म्हणून मग गंभीर झाला. "ठिवतो. काळजी करू नगा."

काळजी करू नका म्हणून ती थांबत नाही. मलकापूरला परत आल्यावर मी रोज फोन करायला लागलो. खोलीला कुलूप आहे ना, उंदीर नाहीत ना, वरच्या पत्र्यातून पाणी गळत नाही ना. तो वैतागायचा नाही, पण एकदा म्हणाला, "पोरगी नांदाय दिल्यागत रोज फोन करताय. सासू चांगली हाय तिची, झोपा आता."

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यानेच फोन केला. मागे मेंढरांचा आणि माणसांचा गलका होता.

"दाजी, पाडव्याला या. आक्काचं काम काढलंय."

"कसलं काम?"

"या तर खरं."

"चित्रांना हात लावलायस का?"

पुढचं ऐकू आलं नाही. मी पुन्हा फोन लावला, लागेना. पाडव्याला पहाटेची एसटी धरली. बसमध्ये दिवाळीला निघालेल्या बायका, पोरं, फराळाचे डबे. माझ्या शेजारच्या आजींनी मला करंजी दिली. ती हातात तशीच राहिली. मी डोळ्यांपुढे एकेक शक्यता आणत होतो आणि प्रत्येक शक्यता आधीच्यापेक्षा वाईट होती.

अंगणात पाय टाकला आणि थांबलो. लोकर कातरलेली मेंढरं वाघरीच्या जाळीत गर्दी करून उभी होती, प्रत्येकाच्या पाठीवर कावेच्या ताज्या दोन रेघा. आणि त्यांच्या पलीकडे, घराच्या भिंतीला टेकवून, भर उन्हात, तिची सगळी चित्रं ओळीने उभी केलेली. खाली सारवलेल्या जमिनीवर दगडी खल, पाटीभर घेवड्याचा पाला, एका वाटीत डिंक. मेहुणा उकिडवा बसला होता. त्याची तर्जनी पेरापर्यंत हिरवी होती. त्याच्यासमोर हॉलमधलं मोठं चित्र.

"या, दाजी," तो म्हणाला. "मोठ्याला पयला हात दिला. बाकीची तुमी आल्यावर करू म्हटलं."

मी चित्राजवळ गेलो. नेच्यावरची ती रेघ दिसत नव्हती. पिवळं पडलेलं सगळं त्याने बुजवलं होतं, कुंचल्याने नव्हे, बोटाने. तिने एकेक पाकळी काढावी तशी नेच्याची पाती काढली होती; आता तिथे बोटाएवढे जाड, ओले पट्टे होते. रानकेळीच्या शिरा बुडाल्या होत्या. रंग ओघळून दगडावर आला होता. मी तिथेच जमिनीवर बसलो.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा हात खाली गेला. "चुकलं का?"

"हे कुणी सांगितलं तुला करायला?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? पाडवा हाय. मेंढरं कातारली, खूण उतरली, परत लावली. न्हाई लावली तर दुसऱ्याच्या कळपात जातंय मेंढरू. आक्काचं उतरलं हुतं, म्हणून लावलं." मग जरा घाबरून, "खुणंला न्हाई हात लावला बरं का. ती पक्की हाय."

"ही मेंढरं नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"न्हाईत, ठावं हाय मला," तो म्हणाला. "पर आक्का आसंच करायची की."

"काय करायची?"

"आता घ्या! दर दिवाळीला माहेरी आली की पाडव्याला आमी मेंढरास्नी काव लावायचो आन् ती सोप्यातल्या चित्राला पाला. दर साली. न्हाईतर एवढ्या उनात ऱ्हायलं आसतं व्हय ते हिरवं? तुमाला म्हाईत न्हाई?"

दारातून त्याची बायको म्हणाली, "दाजींस्नी कसं म्हाईत आसंल? ते भाऊबीजंला यायचे, जेवायचे आन् वन्संला घिऊन जायचे."

मी सोप्यातल्या अळूच्या पानांकडे पाहिलं. कोरडी हवा. तिथून माझं मन मलकापूरला गेलं, त्या मंगळवारी. ती खाली बसली तेव्हा मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून दाराकडे धावलो होतो. वाटेत खिडकीखालचा तिरका पाट होता. मी तो डोळ्यांसमोर आणला. त्यावर कागद नव्हता. तिने नवीन चित्र काढायला घेतलेलंच नव्हतं. ती पाला वाटत होती तो भिंतीवरच्या चित्रासाठी. मी कॉलेजात असायचो तेव्हा, आणि निवृत्त झाल्यावर आतल्या खोलीत वाचत बसायचो तेव्हा, ती भिंतीवरची पानं पुन्हा हिरवी करत होती. बाहेर ती रंगवते आहे, एवढं मला पुरत होतं. काय रंगवते आहे ते बघायला मी उठत नव्हतो.

मेहुण्याने हात धुवायला पाणी घेतलं आणि न धुताच तांब्या खाली ठेवला. "ल्हानपणी लय मार खाल्लाय तिनं ह्या पाल्यापायी," तो म्हणाला. त्याला मला बोलतं करायचं होतं. "घाटाखाली वढ्यावर उतरलो की मेंढरं दोन दिसात सगळं साफ करायची. एक पान ठिवायची न्हाईत. ही रडायची. मग एखादं झाड धरून त्याला काटक्या लावायची भवतीनं, दगडं लावायची, राखत बसायची. बा वरडायचा, मेंढरं उपाशी आन् ही पाला राखतीया! काटक्या काढून फेकायचा. ही परत लावायची."

"वाचायचं का मग ते झाड?"

"वाचायचं एखादं." तो हसला. "पर गंमत आयका. फुडल्या साली परत त्याच जागी गेलो की ही पळत सुटायची, माझं झाड कुठं हाय बघाय. आन् सगळाच वढा हिरवा! बोकाळलेला निस्ता. तिला वळखायचंच न्हाई आपलं कुठलं. मला इचारायची, तुला ठावं हाय का रं? मला काय ठावं!"

त्याची बायको हसली. मीही हसलो असेन, कारण तिने आत जाऊन चहा टाकला.

मेहुण्याने बोट पुढे केलं. "म्या जाड लावलं, ते कळतंय मला. माझं बोट मेंढराच्या पाठीचं हाय. पुसू का? वलं हाय तवर निगंल."

मी चित्राकडे पाहिलं. पुसलं असतं तर फडक्यावर त्याचा पाला आला असता, आणि त्याच्याबरोबर तिचाही. "राहू दे," मी म्हणालो.

बाकीच्या चित्रांना त्या दिवशी आम्ही हात लावला नाही. ती त्याच्याकडेच ठेवली, पण घोंगड्यांच्या खोलीत नाही. सोप्यात आणि पडवीत मिळेल तिथे त्याने ती टांगली. पुढच्या पाडव्याला काय करायचं ते तेव्हा बघू, असं ठरलं. मोठं चित्र मी घेऊन आलो. निघताना त्याच्या बायकोने घेवड्याचं बी पुरचुंडीत बांधून दिलं. मलकापूरचा वेल वाळून गेला होता. चित्रांच्या काळजीत त्याला पाणी घालायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

चित्र मी जुन्याच खिळ्याला लावलं. पडदे उघडले. काळजी गेली नाही. संध्याकाळी ऊन आत यायला लागलं की अजूनही माझा हात पडद्याकडे जातो, आणि मी तो मागे घेतो. वेल ग्रीलच्या निम्म्यापर्यंत चढला तेव्हा मी एकदा पाला खुडला, खलात वाटला, तिच्या मलमलीतून पिळला आणि तिचाच कुंचला घेऊन खालच्या बाजूचं एक पान रंगवलं. डिंक जास्त झाला. पान फुगल्यासारखं दिसतं आणि काही केल्या बाकीच्यांत मिसळत नाही. मुलगी नाताळच्या सुट्टीत आली होती, तिने ते लगेच ओळखलं. "बाबा, हे तुमचं ना?" म्हणाली.

माझ्या बायकोला जाऊन वर्ष उलटून गेलं. मेहुण्याने लावलेला हिरवा आता उन्हाच्या बाजूने पिवळा पडू लागला आहे. त्याच्याखाली तिचा कुठे आहे आणि त्याचा कुठे, हे मला ओळखता येत नाही. गॅलरीत घेवडा आहे. हॉलच्या भिंतीवर चित्र आहे. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कावेच्या दोन रेघा आहेत.